पोलीस, कोर्ट आणि कारागृहासाठी माहिती प्रणाली आखायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न मला असा समजला. जिल्ह्यातल्या पोलीस, अभियोग (सरकारी वकिलांचं खातं), न्यायालय आणि कारागृह यांच्यातली माहितीची देवाणघेवाण सुधारण्यासाठी एक पथक नेमलंय आणि त्यात तुम्ही आहात. तुम्ही संगणक अभियंता, फौजदारी कामाशी आजवर संबंध आलेला नाही. प्रत्येक खात्यात केंद्राची प्रणाली बसलेली आहे, तरी माणसं अजून फायली काखोटीला मारून फिरतात. वरिष्ठांना तीन महिन्यांत डॅशबोर्ड हवाय. आराखड्याला हात कुठून घालावा, हे तुम्ही विचारलंय.

डॅशबोर्ड शेवटी. आधी कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या जागा शोधा. मी या कामात चोवीस वर्षं काढली, पोलीस ठाण्यापासून कारागृहाच्या गेटपर्यंत. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक गंभीर चुका दोन खात्यांच्या मधल्या जागेत झालेल्या आहेत. आपापल्या जागी सगळ्यांनी काम चोख केलेलं असतं, आणि तरीही एखादा माणूस चार दिवस जास्त आत राहतो.

पहिले आठ दिवस संगणक उघडू नका. निकाली निघालेली एक साधी फाईल घ्या, समजा मोटारसायकल चोरीची, आणि तिचा माग काढा. ठाणे अंमलदाराने फिर्याद घेतली, गुन्हा रजिस्टर नंबर पडला, स्टेशन डायरीला नोंद झाली. तपासी अंमलदाराने घटनास्थळाचा पंचनामा केला, अटक दाखवली, गाडी जप्त करून मुद्देमाल कारकुनाकडे जमा केली. दुसऱ्या दिवशी रिमांड रिपोर्ट (कोठडी मागणारा अहवाल) घेऊन कोर्ट; पीसीआर (पोलीस कोठडी) संपला की एमसीआर (न्यायालयीन कोठडी), तिथून कारागृह. दोषारोपपत्र आधी सरकारी वकिलांच्या नजरेखालून गेलं, मग कोर्टात दाखल होऊन त्याला आरसीसी नंबर (कोर्टातला खटल्याचा क्रमांक) मिळाला. पुढे समन्स, वॉरंट, साक्षी, निकाल, मुद्देमालाची विल्हेवाट. एवढ्या प्रवासात आरोपीचं नाव किती वेळा नव्याने लिहिलं गेलं ते मोजा. मी एकदा मोजलं होतं. सतरा वेळा, आणि त्यात नावाची चार रूपं होती.

मग ठाण्यात एक-दोन रात्री बसा. एका ग्रामीण ठाण्यात मी असाच बसलो होतो. रात्री अकराच्या सुमारास एक बाई आली, गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावून नेलं होतं. समोर संगणक चालू होता, तरी हवालदारांनी कोरा कागद ओढला आणि पेनाने लिहायला लागले. सकाळी संगणकावरचा पोरगा आला, तेव्हा त्याने ते सगळं पुन्हा टाइप केलं. मी हवालदारांना विचारलं, थेट संगणकात का नाही घेतलंत? ते म्हणाले, "साहेब, बाई बोलत असताना मी पडद्याकडे बघितलं की ती बोलायची थांबते. आणि ते मशीन आधी विचारतं जिल्हा, तालुका, बीट, अंतर, दिशा. ती सांगतीय की तिला धक्का देऊन पाडलं." त्या एका उत्तराने आमच्या पडद्याची रचना बदलली. आधी मोकळा मजकूर, फिर्यादीच्या शब्दांत. रकाने नंतर, त्या मजकुरातून वेचून. प्रशिक्षण कमी पडतंय अशी तक्रार आमच्याकडे वर्षभर येत होती. खरं तर प्रश्नांचा क्रम चुकला होता.

दुबार लेखन हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना रोग आहे. आधी वहीत, मग संगणकात. वही कायद्याची म्हणून ती बरोबर ठेवली जाते, संगणक वरच्यांसाठी म्हणून तो कसाबसा भरला जातो. त्यामुळे आराखड्यातल्या प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: ही नोंद करणाऱ्याला तिचा स्वतःला काही उपयोग आहे का? रिमांड रिपोर्ट, आरोपीच्या नातेवाइकांना द्यायची अटकेची सूचना, मुद्देमाल पावती, ही कागदपत्रं जर त्याच नोंदीतून छापून निघत असतील तर नोंद वेळेवर होते. निघत नसतील तर महिनाअखेरीला एकगठ्ठा होते, आणि एकगठ्ठा केलेल्या नोंदीतल्या तारखांवर विश्वास ठेवता येत नाही.

आता नवी प्रणाली बनवावी का? बनवू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला. पोलिसांसाठी नव्वदच्या दशकात सीसीआयएस ही प्रणाली आली, २००४ च्या सुमारास सीआयपीए, आणि २००९ मध्ये देशभरातली ठाणी जोडणारी २,००० कोटींची सीसीटीएनएस मंजूर झाली. न्यायालयांची खटल्यांच्या नोंदीची सीआयएस ही प्रणाली आपल्या पुण्याच्या एनआयसीने (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने) घडवली. कारागृहाला ई-प्रिझन्स, अभियोगाला ई-प्रॉसिक्युशन, प्रयोगशाळांना ई-फॉरेन्सिक्स. या पाचही खात्यांना जोडणारी आयसीजेएस आहे आणि तिच्या दुसऱ्या टप्प्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले. माहितीची नोंद एकदाच व्हावी आणि सगळ्यांनी ती वापरावी, हे तिचं घोषित तत्त्व. म्हणजे पाइपलाइन टाकलेली आहे. पाणी का येत नाही हे शोधणं तुमचं काम. सहावी टाकी बांधलीत तर ठाण्यातल्या त्याच पोराला आणखी एका ठिकाणी टाइप करावं लागेल.

पाणी अडतं ते बहुतेक वेळा क्रमांकाजवळ. पोलिसांचा गुन्हा रजिस्टर नंबर ठाण्यापुरता आणि वर्षापुरता. दर १ जानेवारीला तो पुन्हा एकपासून सुरू होतो. न्यायालयाचा सीएनआर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा देशभरात एकमेव क्रमांक, सोळा अक्षर-अंकांचा: पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचा संकेत, प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष. कारागृहाचा बंदी (कैदी) क्रमांक वेगळा, प्रयोगशाळेचा वेगळा. गुन्हा आणि खटला एकास एक जुळतात असं धरून चाललात तर पहिल्याच महिन्यात अडकाल. पाच आरोपींतला एक फरार असतो, चौघांवर दोषारोपपत्र जातं, पाचवा दोन वर्षांनी सापडतो आणि त्याच्यासाठी पुरवणी दोषारोपपत्र होऊन वेगळा खटला चालतो. प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झालं की नंबर बदलतो. त्यातला एक अल्पवयीन निघाला की त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, आणि त्याच्या नोंदी पुढे कशा नष्ट करायच्या हे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ठरवून दिलंय. तुमच्या तक्त्यात ती सोय हवीच. म्हणून माझा आग्रह असा की मूळ एकक 'गुन्हा' नको, 'खटला' नको. 'या गुन्ह्यातला हा माणूस' हे एकक धरा. प्रत्येक आरोपीची त्या गुन्ह्यातली स्थिती स्वतंत्र चालू द्या.

आणि माणूस ओळखायचा कसा? नावावरून नाही. ज्ञानेश्वर इंग्रजीत 'डी'ने लिहिला जातो आणि 'जी'नेही. कोर्टाच्या कागदावर इंग्रजी, ठाण्याच्या कागदावर मराठी. 'उर्फ'शिवाय गावात कुणी ओळखत नाही. इंग्रजी उच्चारांवर बेतलेले नाव-जुळणीचे तयार प्रोग्राम आपल्या नावांवर लंगडे पडतात. देवनागरीतूनच जुळणी करा, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि श-ष-स यांचे फरक सोडून देऊन. खात्रीची ओळख बोटांच्या ठशांची. नॅफिस ही ठशांची राष्ट्रीय प्रणाली २०२२ पासून चालू आहे, तिच्यात अटक झालेल्याला दहा अंकी राष्ट्रीय क्रमांक मिळतो. तो क्रमांक कोर्टाच्या आणि कारागृहाच्या नोंदीत पोचवणं हे तुमच्या पथकाने हाती घ्यायच्या पहिल्या तीन कामांपैकी एक असावं. जुना मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या, असेल तर त्याच्या रूपांतराला वेळ राखून ठेवा. आम्हाला अंदाजाच्या तिप्पट वेळ लागला होता.

कायद्याचे नियम प्रोग्राममध्ये कोरू नका. तक्त्यात ठेवा, आणि प्रत्येक नियमाला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' अशा दोन तारखा द्या. १ जुलै २०२४ ला हे सगळ्यांच्या अंगावर आलं. भारतीय दंड संहितेची ५११ कलमं जाऊन भारतीय न्याय संहितेची ३५८ आली. खुनाचं ३०२ गेलं, १०३ आलं; फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८(४) झालं. पण ३० जूनला घडलेली चोरी २ जुलैला नोंदवायला कुणी आलं तर? गुन्ह्याला जुनी दंड संहिता, प्रक्रियेला नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. कलमांची यादी सरसकट बदलून टाकणारी प्रणाली इथे चुकीचं कलम लावते. घटनेची तारीख आणि नोंदणीची तारीख हे वेगळे रकाने आहेत, आणि त्यातल्या कुठल्या तारखेवरून कुठला नियम लागतो हे आधीच लिहून ठेवावं लागतं.

मुदतींचंही तसंच. दोषारोपपत्राला साठ दिवस की नव्वद, हे कलमावर ठरतं. मोक्कासारख्या कायद्यात ते कोर्टाच्या परवानगीने १८० पर्यंत जातं. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून. आणि रिमांडचा तो दिवस धरायचा की सोडायचा यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं मतभेद होते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो दिवस धरायचा असं ठरवलं. एका दिवसाचा फरक. त्या एका दिवसावर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो किंवा जातो. तुमच्या अभियंत्यांपैकी कुणी हे 'एक मिळवा की नको' एवढ्यावर सोडून देऊ नये, सरकारी वकिलांना शेजारी बसवून प्रत्येक मोजणीची उदाहरणं लिहून घ्या. आम्ही अशी चाळीस उदाहरणं कागदावर काढली होती आणि प्रणाली बदलली की दर वेळी ती चाळीसही चालवून बघायचो.

चार खाती का जोडायची, हे कुणी विचारलं तर मी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ दाखवतो. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसेल, तर कमाल शिक्षेचा अर्धा काळ कच्च्या कैदेत काढलेल्याला जामिनावर सोडायचं. आधी कधीही शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरे. मुदत भरली की कोर्टाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या प्रकरणांतल्या बंद्यांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. आता अधीक्षकांच्या जागी बसून बघा. किती दिवस आत आहे, हे त्यांना ठाऊक आहे. कलमं कुठली, हे पोलिसांकडे. तपासात ती वाढलेली किंवा कमी झालेली असतात, आणि कारागृहाच्या वॉरंटवर पहिल्या दिवसाची कलमं तशीच राहिलेली असतात. आधी शिक्षा झाली होती का, हे दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टाकडे. दुसरं एखादं प्रकरण प्रलंबित असलं तर हा लाभ अडतो, ती माहिती आणखी कुठेतरी. चार ठिकाणची माहिती एका ओळीत आल्याशिवाय हा अर्ज होऊच शकत नाही. माझ्या मते जिल्ह्याच्या प्रणालीची कसोटी हीच धरावी: दर सोमवारी सकाळी अधीक्षकांच्या टेबलावर ही यादी बरोबर येते की नाही.

परतीच्या वाटेबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण आराखड्यात ती कायम राहून जाते. पोलिसांकडून कोर्टाकडे माहिती जाते, कारण त्याशिवाय खटला उभा राहत नाही. कोर्टाकडून पोलिसांकडे निकाल परत येणं मात्र कुणाच्याच रोजच्या कामाला आवश्यक नसतं. सीसीटीएनएसमध्ये तपासाचे सात नमुने आहेत. पहिला नमुना प्रथम खबरीचा, सहावा कोर्टाच्या निकालाचा, सातवा अपिलाच्या निकालाचा. आमच्या पाहणीत पहिला नमुना जवळपास सगळीकडे भरलेला होता, सहाव्याला रिकाम्या जागाच जास्त.

त्या रिकाम्या जागेचं तोंड मी पाहिलंय. एका ठाण्यात चारित्र्य पडताळणीच्या खिडकीशी पंचविशीतला एक मुलगा उभा होता. कॉलेजात असताना मारामारीच्या गुन्ह्यात त्याचं नाव आलं होतं. चार वर्षांपूर्वी तो निर्दोष सुटला होता, तरी संगणकात अजून 'दोषारोपपत्र दाखल, न्यायप्रविष्ट' एवढंच दिसत होतं. कंपनीने त्याला पंधरा दिवसांची मुदत दिली होती. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये निकालाची नक्कल आणि तिच्या पाच झेरॉक्स होत्या, कारण प्रत्येक कचेरी एक ठेवून घेते, हे तो शिकला होता. कारकून भला माणूस. त्याने निकाल वाचला, नोंद करायला गेला, तर नमुना सीएनआर मागतो आणि तो गुन्ह्याला जोडलेलाच नव्हता. नियमाप्रमाणे त्याला पुढे जाता येईना. मुलगा काही बोलला नाही. फोल्डर बंद केलं आणि बाकावर जाऊन बसला.

त्या ठाण्याच्या मागच्या आठ वर्षांच्या निकाली प्रकरणांची जुळणी आम्ही हाताने केली. दोन हवालदार, कोर्टातला एक कनिष्ठ लिपिक आणि मी, दर शनिवारी. पुढे सोय अशी केली की आठवड्यात निकाली निघालेल्या प्रकरणांची यादी सीएनआरसह ठाण्याला यायची आणि पैरवी कर्मचाऱ्याने (कोर्टातल्या खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाने) प्रत्येक ओळ मान्य केल्याशिवाय त्याचा साप्ताहिक अहवाल बंद व्हायचा नाही. दोषारोपपत्र दाखल होतानाच सीएनआर गुन्ह्याला जोडणं सक्तीचं केलं. ही दोन कामं तांत्रिकदृष्ट्या अगदी लहान आहेत. आराखड्यात त्यांना पहिलं पान द्या.

रद्द झालेल्या वॉरंटलाही हाच न्याय. अमेरिकेत फिनिक्स शहरात जानेवारी १९९१ मध्ये पोलिसांनी एका वाहनचालकाला अडवलं, संगणकाने त्याच्या नावावर वॉरंट दाखवलं आणि त्याला अटक झाली. कोर्टाने ते वॉरंट सतरा दिवस आधीच रद्द केलेलं होतं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९५ मध्ये अ‍ॅरिझोना विरुद्ध इव्हान्स या नावाने निकाली निघालं. आपल्याकडे वॉरंट निघाल्याची नोंद आणि रद्द झाल्याची नोंद या दोन्हींना सारख्याच वेगाची वाट आहे का, हे तुमच्या जिल्ह्यात तपासा.

'प्रकरण बंद' असा सरसकट शेरा तर ठेवूच नका. मुंबई प्रांतापासून आपल्याकडे अ, ब आणि क समरी, म्हणजे दोषारोपपत्राविना तपास संपवण्याचे अहवाल, चालत आल्या आहेत. अ म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा नाही. ब म्हणजे फिर्याद द्वेषाने केलेली, खोटी. क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. राष्ट्रीय साच्यात बसवताना तिन्ही एका खणात गेल्या, तर पुढे कुणीतरी क समरीच्या फिर्यादीला खोटारडा समजेल.

गोपनीयतेवर थोडक्यात सांगतो, कारण नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रथम खबर (एफआयआर) चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायची असते, संवेदनशील गुन्हे वगळून. वगळण्याचा निर्णय संगणकाने कलमावरून सुचवावा आणि अधिकाऱ्याने कायम करावा. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव मोकळ्या मजकुरातही डोकावतं, नुसता नावाचा रकाना झाकून भागत नाही. आणि कुणी कुठली नोंद उघडली याची वही आपोआप लिहिली जाऊ द्या.

सुरुवात एका तालुक्यात करा: एक ठाणे, त्याचं न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट, तिथले सरकारी वकील आणि जिल्हा कारागृह. एकाच खात्याची साठ कार्यालयं एकदम घेण्यापेक्षा चार खात्यांची एकेक खोली घ्या. दर पंधरवड्याला त्या चार खोल्यांतली खरोखर काम करणारी माणसं एका टेबलाशी बसू द्या. हवालदार, लिपिक, पैरवी कर्मचारी. प्रत्येक जागी किमान तिघांना शिकवा, बदल्या होणारच आहेत. कंत्राटदाराला पैसे यंत्रं बसवल्याबद्दल कमी आणि जोडलेल्या नोंदींबद्दल जास्त मिळतील असं करारात लिहा, आणि करार संपताना संपूर्ण माहिती, तक्त्यांच्या वर्णनासह, वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल हेही.

राहिला वरिष्ठांचा डॅशबोर्ड. त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नका, एक यादी द्या: जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटले, तरी कारागृहात असलेले बंदी. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात पोचली पाहिजे, ई-प्रिझन्समध्ये तारीख पडली पाहिजे आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवलं पाहिजे. यामागे अनुभव आहे. आग्र्याच्या कारागृहातल्या बंद्यांची सुटका आदेशाची प्रत न मिळाल्याने रखडली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्यातून मार्च २०२२ मध्ये आदेश थेट कारागृहात पोचवणारी फास्टर ही प्रणाली आली. मुंबईत आर्थर रोडच्या दाराशी जामीन आदेशांची पेटी आहे, ती ठरलेल्या वेळी उघडतात. २०२१ च्या ऑक्टोबरात एका गाजलेल्या प्रकरणात आदेश संध्याकाळच्या वेळेत पोचला नाही म्हणून सुटका दुसऱ्या दिवसावर गेली.

यादीत चार रकाने पुरे: नाव, आदेशाची तारीख, कुठे अडलं, कुणाकडे अडलं. आम्ही ती पहिल्यांदा काढली तेव्हा नऊ नावं निघाली. सात जणांना जामीनदार मिळत नव्हता, ती नावं त्याच दुपारी विधी सेवा प्राधिकरणाकडे गेली. उरलेल्या दोघांचे आदेश दुसऱ्याच कारागृहाच्या ई-मेलवर पडून होते.